छ १ सवाल

मराठी अंमलातील जुने कागद वाचण्याचा ज्याने थोडासा तरी सराव केला आहे, त्याला त्या कागदांवरील ‘छ’ या एका अक्षराची ओळख फार लवकर होते. छ १ सवाल, छ १२ रबिलावल, छ ७ जिल्हेज अशा मित्यांमधील हा ‘छ’ म्हणजे चंद्र, आणि त्यापुढचा आकडा म्हणजे हिजरी महिन्याची चांद्र तारीख. स्नानसंध्या आटोपून, कपाळी गंध लावून कचेरीत बसलेला पेशवाईतला कारकून मोहरम, सफर, रजब, साबान, रमजान, सवाल ही नावे चैत्र-वैशाखाच्या इतक्याच सहजतेने लिहीत असे, आणि वर्षाचा आकडा मांडतानाही इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस या अरबी संख्यांचाच आश्रय करीत असे. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक ज्या साली झाला, ते साल कागदोपत्री ‘खमस सबैन व अलफ’ आहे: पाच, सत्तर आणि हजार मिळून सुहूर सन १०७५.

या सुहूर सनाची घडण मोठी अर्थपूर्ण आहे. हिजरी वर्ष शुद्ध चांद्र असल्यामुळे ते सौर वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान पडते आणि त्याचे महिने सर्व ऋतूंतून फिरत राहतात. परंतु शेत चंद्रावर पिकत नाही, आणि सारा तर पिकावरच वसूल व्हावयाचा, म्हणून चौदाव्या शतकात, हिजरी सन ७४५ म्हणजे इ. स. १३४४ च्या सुमारास, त्याच आकड्यापासून एक सौर गणना वेगळी निघाली आणि ती मृग नक्षत्राशी बांधली गेली. कुणबी तिला मृगसाल म्हणू लागला. एकाच आकड्यावर उभ्या असलेल्या या दोन गणना पुढे दरसाल थोड्या थोड्या दुरावत गेल्या. राज्याभिषेकाच्या वेळी हिजरी सन १०८५ होता, म्हणजे तीनशे तीस वर्षांत त्यांच्यात दहा वर्षांचे अंतर पडले होते. उपासनेसाठी एक काळ आणि वसुलीसाठी दुसरा, अशी ही वाटणी.

हे सारे विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, जे सालाचे झाले तेच शब्दांचेही झाले आहे. इस्लामच्या मूळ श्रद्धांची आणि आचारांची नावे आपण मराठी माणसे सहा शतके दिवसभर उच्चारीत आलो आहोत. पण ती आपल्याकडे मशिदीच्या दारातून आली नाहीत, कचेरीच्या दारातून आली, आणि येताना आपला उपासनेचा अर्थ बाहेर ठेवून आली. शेजाऱ्याचा धर्म समजून घेण्यासाठी सोलापूरच्या माणसाला फार दूर जाण्याची गरज नाही. स्वतःच्या जिभेवरचे पाच-पंचवीस शब्द उलगडून पाहिले तरी पुरे, असे मला अनेक वर्षे वाटत आले आहे.

आणि सोलापूर हे त्यासाठी योग्य स्थळ आहे. १३४७ मध्ये स्थापन झालेल्या बहमनी राज्याची गादी गुलबर्ग्याला होती, पुढे आदिलशाहीची विजापूरला आली. ही दोन्ही नगरे सोलापुरापासून सुमारे शंभर किलोमीटरांवर. गुलबर्ग्याला १४२२ मध्ये समाधिस्थ झालेल्या ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांच्या उरुसाला जाणारी वाट सोलापूरकरांना पिढ्यान्‌पिढ्या पायाखालची. बहमनी काळातला सोलापूरचा भुईकोट विजापूर आणि अहमदनगर या दोन घराण्यांतल्या कलहाचे मूळ होऊन बसला. १५२४ च्या सुमारास बुऱ्हाण निजामशहा आणि इस्माईल आदिलशहा यांची सोलापुरात भेट होऊन आदिलशहाच्या बहिणीचा विवाह निजामशहाशी ठरला, तेव्हा हा किल्ला तिच्याबरोबर आंदण देण्याचे बोलणे झाले. ते पाळले गेले नाही आणि पिढ्या लढत राहिल्या. पुढे १५६४ च्या सुमारास हुसेन निजामशहाची कन्या चांदबिबी अली आदिलशहाला दिली गेली, तेव्हा हाच किल्ला तिच्या आंदणात विजापूरकडे गेला.

येथे एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. इस्लामी धर्मशास्त्रात कन्येबरोबर किल्ला, गाव किंवा पैका देण्याला आधार नाही. निकाह हा करार आहे. वधूवरांची मोकळी संमती, दोन साक्षीदार, आणि वराने वधूला द्यावयाचा मेहेर, हे त्याचे आधार; मेहेर वधूच्या बापाचा नव्हे, वधूचा स्वतःचा. प्रस्ताव मांडला जातो आणि त्याला ‘कबूल’ असे उत्तर मिळते. हेच ‘कबूल’ पुढे आमच्या खतपत्रांत, कबुलायतीत आणि न्यायालयाच्या कबुलीजबाबात जाऊन बसले. शहांनी केले ते राजकारण होते. दीन त्यांच्याहून निराळा होता, आणि दक्षिणेच्या इतिहासाचे वाचन करताना हा भेद जो विसरतो त्याच्या हाती दोहोंपैकी एकही लागत नाही.

त्या दीनाचा गाभा ‘ईमान’ या शब्दात आहे. मराठीत इमान म्हणजे एकनिष्ठा. चाकराचे धन्याशी इमान, कुत्र्याचे मालकाशी इमान, आणि ते मोडले की बेइमानी. मूळ अरबीत ईमान म्हणजे श्रद्धा, अंतःकरणाने मानलेले सत्य. ईश्वर एक आहे, त्याला कोणी भागीदार नाही, त्याला कोणी जन्म दिला नाही आणि त्याच्या पोटी कोणी जन्मले नाही. त्याचे देवदूत आहेत, त्याने वेळोवेळी ग्रंथ धाडले, प्रेषित धाडले, त्या मालिकेतले अखेरचे मुहंमद पैगंबर. मृत्यूनंतर निवाड्याचा एक दिवस आहे आणि जे घडते ते त्याच्या ज्ञानाबाहेर नाही: इतक्या गोष्टींवर मुसलमानाचे ईमान असते. कलमा म्हणजे याच श्रद्धेचा दोन वाक्यांतला उच्चार. पहिल्यात एका ईश्वराची ग्वाही, दुसऱ्यात मुहंमद त्याचे प्रेषित असल्याची. तान्ह्या मुलाच्या कानात पडणारी बांग आणि मरणोन्मुख माणसाच्या ओठांवर यावी अशी आप्तांची इच्छा असते ती अक्षरे, दोहोंत हीच ग्वाही असते. आपण ज्याला हक्क म्हणतो आणि ज्यासाठी दिवाणीत वर्षानुवर्षे भांडतो, त्या शब्दाचा मूळ अर्थ सत्य असा आहे, आणि ईश्वराच्या नामावळीतले ते एक नाव आहे.

मुहंमद पैगंबरांचा जन्म मक्केत इ. स. ५७० च्या सुमारास झाला. वयाच्या चाळिशीत हिरा नावाच्या गुहेत त्यांना पहिला साक्षात्कार झाला आणि ‘वाच’ हा त्यातला पहिला शब्द होता. तेथून सुमारे तेवीस वर्षे जे अवतरत गेले ते कुराण. त्याच्या ११४ सूरती आहेत. मक्केत छळ असह्य झाला तेव्हा ६२२ मध्ये ते मदिनेला गेले, आणि त्यांच्या अनुयायांनी कालगणना सुरू केली ती त्यांच्या जन्मापासून नव्हे, विजयापासूनही नव्हे, तर या स्थलांतरापासून, हिजरतीपासून. घर सोडून जावे लागलेल्या माणसांनी आपल्या काळाचा आरंभ त्या घर सोडण्यापासून धरावा, यात जे धैर्य आहे ते मला नेहमी स्तिमित करते. ज्या मराठी वाचकाला या चरित्रात आणि या ग्रंथात अधिक खोल जावयाचे असेल, त्याच्यासाठी साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ लिहून ठेवली आहे आणि विनोबांनी ‘कुराणसार’ काढून दिले आहे.

एक बारकावा मात्र त्या ग्रंथांपेक्षा आपल्या बोलीतून अधिक चांगला कळतो. अरबीत प्रार्थनेला सलात म्हणतात आणि उपवासाला सौम. सोलापुरात कोणीही हे शब्द बोलत नाही. येथे नमाज आहे, रोजा आहे, पैगंबर आहे, फरिश्ता आहे, दर्गा आहे, शबेकदर आहे, आणि हे सारे शब्द फारसी आहेत. कोकणच्या किनाऱ्यावर इस्लाम अरब नाखव्यांच्या गलबतांतून उतरला. देशावर तो इराण आणि दिल्लीकडून, दरबारी आणि सूफींच्या संगतीने, खुष्कीच्या मार्गाने आला. त्या प्रवासाची धूळ अजून शब्दांवर आहे. ज्या कारणाने मुसलमान सोलापूरकर घरात ‘नक्को’ आणि ‘हौ’ म्हणत दखनी बोलतो, बाजारात मराठी, कन्नड आणि प्रसंगी तेलुगूही बोलतो, आणि नमाज मात्र अरबीत पढतो, ते कारणही या प्रवासातच आहे.

नमाज दिवसातून पाच वेळा: पहाटे फजर, दुपारी जोहर, तिसऱ्या प्रहरी असर, सूर्यास्तानंतर मगरिब आणि रात्री इशा. तीपूर्वी वजू करावयाचा. मशिदीच्या हौदाच्या काठाशी बसलेला म्हातारा वजू करताना मी पाहत आलो आहे: आधी मनगटापर्यंत हात, मग चूळ, मग नाकपुड्या, मग कपाळापासून हनुवटीपर्यंत सारा चेहरा, कोपरापर्यंत उजवा हात आणि मग डावा, ओला तळवा डोक्यावरून फिरवलेला, आणि अखेरीस घोट्यापर्यंत पाय, बोटांच्या बेचक्यांतूनही पाणी गेले पाहिजे या काळजीने. ओंजळीएवढ्या पाण्यात हे सारे होते. वाहत्या नदीकाठी बसले असलात तरी पाणी वाया घालवू नका, अशीच शिकवण आहे. आणि पाणी मुळीच नसेल तर स्वच्छ मातीवर तळवे टेकून ते चेहऱ्यावर आणि हातांवर फिरवावेत, म्हणजे तयम्मुम होतो. अवर्षणाच्या या मुलुखात, जेथे ‘हौद’ हा अरबी शब्द प्रत्येक वाड्याच्या मागील चौकात स्थिरावला आहे, त्या सवलतीचे मोल सांगावे लागत नाही.

मग चटईवर रांग लागते. आरंभी निय्यत, म्हणजे मनातला संकल्प. ‘त्याची नियत साफ नाही’ असे आपण व्यवहारात म्हणतो तेव्हा हाच शब्द वापरतो. तोंड मक्केच्या काब्याकडे, म्हणजे सोलापुरातून पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कललेले. उभे राहणे, कमरेत वाकणे, आणि कपाळ जमिनीला टेकणे, तो सिजदा. जेथे सिजदा होतो ती मस्जिद, आपली मशीद. अशा एका आवर्तनाला रकात म्हणतात; दिवसभरातल्या फर्ज, म्हणजे अनिवार्य, रकाती सतरा. खांद्याला खांदा लावून उभ्या राहणाऱ्या त्या रांगेत मालक आणि गुमास्ता असा क्रम नसतो, जो आधी आला तो पुढे. शुक्रवारची दुपार ही सामुदायिक नमाजाची, म्हणून तो जुमा. जुमा, जमात आणि आमच्या मुलकी खात्यातले जमाबंदी व जमाखर्च हे सारे एकाच अरबी धातूचे अपत्य आहे, एकत्र येणे हा त्याचा अर्थ. १८७० च्या दशकात येथे कापडाची पहिली गिरणी उभी राहिली, आणि मग या शहराच्या पहाटेला दोन हाका झाल्या, फजरची बांग आणि जुन्या गिरणीचा भोंगा. पहिलीने उठून दुसरीला हजर होणारे हजारो हात या शहराने पाहिले. भोंगा थांबला त्याला आता कित्येक वर्षे झाली.

सर्वांत मोठे स्थित्यंतर ज्या शब्दाचे झाले तो शब्द म्हणजे जकात. मराठी माणसाला जकात म्हटले की नाका आठवतो, आडवा बांबू आठवतो, चादरींच्या गठ्ठ्यांनी भरलेली मोटार थांबवून पावती फाडणारा कारकून आठवतो. सुलतानी अंमलात वाटेवरच्या मालावरील कराला हे नाव चिकटले, मराठी राज्याने ते तसेच चालवले, इंग्रजी अमदानीतल्या नगरपालिकेने उचलले, आणि परवापरवापर्यंत ते शहराच्या वेशीवर पाटीवर रंगवलेले होते. मूळ जकातीचा या वसुलीशी संबंध नाही. शब्दाच्या पोटात शुद्धी आणि वाढ असे दोन अर्थ आहेत. ज्याच्यापाशी साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, अथवा तितक्या किमतीची शिल्लक एक चांद्र वर्षभर राहिली, त्याने तिचा चाळिसावा हिस्सा, शेकडा अडीच, काढून द्यावयाचा. कोणाला, तेही कुराणाच्या नवव्या सूरतीत आठ वर्ग करून सांगितले आहे: निर्धन, गरजू, कर्जात बुडालेला, बंधनात पडलेला, वाटेत अडकलेला प्रवासी आणि असे आणखी. हे दान नव्हे. देणाऱ्याने उपकार करावयाचा नाही, कारण तो हिस्सा त्याचा नव्हताच. तो गरिबाचा हक्क त्याच्या पेटीत राहिलेला होता, एवढेच.

पिकाविषयी तर धर्मशास्त्रातला नियम सोलापूरच्या शेतकऱ्याने मुद्दाम ऐकावा असा आहे. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा; मोट ओढून, कष्टाने पाणी देऊन काढलेल्या पिकाचा विसावा. जिरायत आणि बागायत हा भेद आमच्या मुलकी खात्यानेही केला, पण तेथे बागायतीवर आकार अधिक, कारण उत्पन्न अधिक. येथे मात्र हिशेब घामाचा आहे: जे आभाळातून आले त्यात इतरांचा वाटा मोठा, जे स्वतःच्या कष्टाने आले त्यात लहान. राजाचा कर आणि ईश्वराचा कर यांच्या दृष्टीत केवढे अंतर असते, हे या एका नियमात दिसते, आणि असा शब्द आपण नाक्याच्या बांबूला टांगून ठेवला याचे मला खरोखर दुःख होते.

गावगाड्यात हा धर्म वावरला तो मुलाण्याच्या रूपाने. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ लिहिला, त्यात बलुत्या-अलुत्यांच्या वर्णनात मुलाणी भेटतो. गावच्या मशिदीची दिवाबत्ती त्याची, मुसलमानांचे निकाह त्याचे, आणि बकरे हलाल करणेही त्याचेच. मराठ्यांच्या घरचे, कित्येकदा देवाला सोडलेले बकरेसुद्धा ईश्वराचे नाव घेऊन त्यानेच कापावयाचे आणि त्याबद्दल सुगीला खळ्यावर आपला वाटा न्यावयाचा, असा रिवाज देशावर सर्रास होता. शहरात येऊन पाहावे तर धंदे हीच आडनावे झालेली: बागवान फळभाजीचा, तांबोळी पानाचा, शिकलगार हत्यारांच्या धारेचा, पिंजारी कापसाचा, मोमीन मागाचा. लग्नसराईत नवरीच्या हातात हिरवा चुडा भरणारा मणियार, आणि जिच्या कपाळाला कुंकू लावावयाचे तिच्यासाठी हळदकुंकू, बुक्का आणि अष्टगंध विकणारा आत्तार; हे दोघेही पाच वेळा सिजदा करणारे. सुवासिनीचे सौभाग्यलेणे या शहरात ज्याच्या हातून येते, त्याच्या कपाळावर मातीचा स्पर्श असतो.

मोहरम हा हिजरी वर्षाचा पहिला महिना. त्याच्या दहाव्या दिवशी, हिजरी ६१ म्हणजे इ. स. ६८० मध्ये, पैगंबरांचे नातू हुसेन करबलाच्या मैदानावर पाण्यावाचून लढताना मारले गेले. विजापूर आणि अहमदनगरच्या गाद्यांवर काही काळ शिया पंथाचे सुलतान होते, खुतब्यातली, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनातली, नावे शहागणिक बदलत होती, आणि त्या काळापासून हा शोक दक्षिणेत सर्व जातींचा झाला. सोलापुरात पंजे, म्हणजे हाताच्या आकाराची निशाणे, बसतात, अलाव्याच्या पेटत्या खड्ड्याभोवती माणसे फिरतात, सवारी निघते, सरबत वाटले जाते, घरोघरी गुळाचे चोंगे आणि मलिदा होतो, आणि नवसाची मुले फकीर केली जातात. पंजे तालमींतूनही बसतात. तालीम या शब्दाचा अर्थ खरे तर शिक्षण, तो आपण लाल मातीपुरता ठेवला. सीमेवरच्या काही गावांत तर मुसलमानाचे एक घर नसतानाही पंजे बसतात आणि पाटील ते उचलतो. हे सारे इस्लामचे मूळ आचार नव्हेत, असे म्हणणारे आलिम मुसलमानांतच पुष्कळ आहेत, दर्ग्यावरील चादर आणि नवस यांसही त्यांचा विरोध आहे, आणि कुराणाच्या शब्दावर बोट ठेवून ते बोलतात तेव्हा त्यांचे म्हणणे खोटे म्हणता येत नाही. परंतु इतिहास लिहिणाऱ्याने लोकांनी काय केले तेही नोंदले पाहिजे. येथील लोकांनी तहानलेल्या अवस्थेत मारल्या गेलेल्या एका माणसासाठी दरसाल पाणी वाटले.

हजविषयी थोडक्यात. ज्याला शरीराने आणि द्रव्याने शक्य असेल त्याने आयुष्यात एकदा मक्केची यात्रा करावी. बहमनी आणि आदिलशाही काळात दाभोळच्या बंदरातून यात्रेकरूंची जहाजे सुटत. १८६० मध्ये सोलापूरला आगगाडी आली तेव्हापासून वाट मुंबईची झाली, पुढे गोदीतून मोगल लाइन या कंपनीची बोट धरावयाची, आणि घरच्यांनी परत येईल न येईल अशा भावनेने निरोप द्यावयाचा. निघण्यापूर्वी देणे फेडून, ज्याच्याशी भांडण असेल त्याची माफी मागून जावे लागते. त्या माफीसाठी दारोदार फिरणारे वृद्ध ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या यात्रेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

या साऱ्या गोष्टी मराठीत, मुसलमान मराठी लेखकांच्या तोंडून ऐकण्याची सोय आता आहे, आणि तीतही सोलापूरचा वाटा मोठा आहे: पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० मध्ये याच शहरात भरले, आणि त्या चळवळीमागे आयुष्यभर उभे राहिलेले प्राध्यापक फकरुद्दीन बेन्नूर येथेच राहिले, येथेच शिकवीत होते. त्याच्याही फार आधी श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ ओवीत रचला होता.

आता रमजान. पहाटेच्या सहरीपासून सूर्यास्तापर्यंत अन्न नाही, पाण्याचा घोटही नाही. आजारी, प्रवासी, बालके आणि गरोदर स्त्रिया यांना सूट आहे, आणि चुकलेले रोजे मागून भरता येतात. जिभेचाही रोजा असतो, चहाडी आणि शिवीगाळ केली तर उपासमारीपलीकडे हाती काही उरत नाही, असे वडीलधारी मुलांना बजावतात. चांद्र वर्षाच्या फिरत्या गतीमुळे सुमारे तेहतीस वर्षांत रमजान सारे ऋतू पाहून येतो. माणसाच्या आयुष्यात एकदा तरी तो सोलापूरच्या वैशाखात येतो, पारा बेचाळिसावर असतो आणि यंत्रमागाच्या पत्र्याखालचा विणकर दुपारी ओठांवरून जीभही फिरवीत नाही. संध्याकाळी एका खजुराने रोजा सुटतो. रात्री तरावीहच्या नमाजात महिनाभरात सारे कुराण ऐकवले जाते, आणि विजापूर वेशीच्या बाजारात शेवया, चारोळी, खारीक यांचे ढीग लागतात, कारण शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर, त्यांचा शीरखुर्मा पुढे यावयाचा असतो. ईदच्या नमाजापूर्वी घरातल्या प्रत्येक माणसामागे, तान्ह्या मुलामागेसुद्धा, फितरा काढून गरिबाच्या हाती पोचवावा लागतो, म्हणजे त्या दिवशी कोणाची चूल थंड राहू नये. मग लोक ईदगाहांकडे निघतात. शहरातल्या ईदगाहांत एकाचे नाव आदिलशाही आहे आणि एकाचे आलमगीर, म्हणजे औरंगजेबाचे. विजापूर घेण्यासाठी १६८५ मध्ये ज्याने सोलापुरास तळ दिला तो आणि ज्यांचे राज्य त्याने बुडवले ते, दोघांची नावे त्या सकाळी सारखीच गजबजतात.

पण त्याआधी, एकोणतिसाव्या संध्याकाळी, गच्च्यांवर माणसे पश्चिमेकडे पाहत उभी असतात. जी कोर त्यांना शोधावयाची असते ती बहुधा शुद्ध द्वितीयेची, आपण जिला बीजेची कोर म्हणतो तीच. २०२२ साली तर ईद आणि अक्षय्यतृतीया एकाच दिवशी, ३ मे रोजी आली, आणि एकाच आळीत एका घरी आमरस आणि दुसऱ्या घरी शीरखुर्मा होता. मावळतीच्या तांबड्या पट्ट्यावर नखाएवढी पांढरी रेघ दिसते, कोणीतरी बोट दाखवतो, खालच्या बोळातून मुले ‘चाँद हुआ, चाँद हुआ’ ओरडत पळतात. दोनअडीचशे वर्षांपूर्वी हीच कोर दिसल्यावर कचेरीतल्या कारकुनाने कोरा कागद पुढे ओढला होता, टाक दौतीत बुडवला होता, आणि वर लिहिले होते: छ १ सवाल.